लाकडी घोड्यांचा शिल्पकार

जत्रेतील खेळणे आणि संग्रहालयातील शिल्प यांत अंतर किती असते? चार्ल्स लूफ यांच्या हयातीत ते फार मोठे होते. त्यांनी कोरलेले घोडे आज मात्र अमेरिकेच्या लोककलेचा मौल्यवान ठेवा मानले जातात.

आज जर्मनीत असलेल्या होल्स्टाइन प्रांतात १८५२ साली लूफ यांचा जन्म झाला. १८७० मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि ब्रुकलिनमधील एका फर्निचरच्या कारखान्यात काम करू लागले. काम संपल्यावर उरलेल्या लाकडातून ते प्राण्यांच्या आकृती कोरत. त्यातूनच १८७६ मध्ये कोनी आयलंड येथील पहिले मेरी-गो-राउंड उभे राहिले. पुढे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. मार्कस इलियन्स, जॉन झालार यांसारखे नामवंत कारागीर तेथे काम करून गेले.

उसळलेली आयाळ, रंगीत काचेचे खडे, भडक रंगांचे खोगीर आणि खऱ्या केसांची शेपटी ही लूफ यांच्या घोड्यांची ओळख. अमेरिकेतील मेरी-गो-राउंड घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. त्यामुळे घोड्याची उजवी बाजू प्रेक्षकांसमोर येते. सारा नक्षीचा थाट त्याच बाजूला असे. संग्राहक आजही आधी तीच बाजू पाहतात आणि मूळ रंग टिकून असल्यास घोड्याचे मोल अधिक धरतात.

ऱ्होड आयलंडमधील क्रेसेंट पार्कात लूफ यांनी १८९५ मध्ये साठहून अधिक आकृतींचे मेरी-गो-राउंड उभारले. ते नमुन्यादाखल होते. गिऱ्हाइकांनी पाहावे, पसंत करावे आणि मागणी नोंदवावी. १९०९ मध्ये असेच एक त्यांनी आपल्या कन्येला विवाहाची भेट म्हणून दिले. ते आजही स्पोकेन शहरात आहे. १९१० मध्ये ते कॅलिफोर्नियातील लाँग बीचला स्थायिक झाले. तेथेच १९१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९२९ नंतरच्या मंदीत अनेक करमणूक उद्याने बंद पडली. पुढे संग्राहकांचे लक्ष या घोड्यांकडे वळले, तसे त्यांचे भाव चढले. पण त्यातून एक नवेच संकट उभे राहिले. अख्खे मेरी-गो-राउंड विकण्यापेक्षा एकेक घोडा सुटा विकणे फायद्याचे ठरू लागले. ज्यांना कलेची पारख होती, त्यांच्याच मागणीमुळे कलाकृती मोडल्या जाऊ लागल्या.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस क्रेसेंट पार्क बंद पडले, तेव्हा तेथील घोड्यांवरही हीच वेळ आली होती. स्थानिक नागरिकांनी लढा देऊन ते वाचविले. १९८५ मध्ये राज्याने त्याला लोककलेचे रत्न म्हणून गौरविले. १९८७ मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. दिवाणखान्यातला एकटा घोडाही देखणाच दिसतो; परंतु लूफ यांनी तो कोरला होता संगीताच्या तालावर, मुलांना पाठीवर घेऊन, इतर घोड्यांसोबत फिरण्यासाठी. या नागरिकांनी जपले ते हेच.