चांद्याचे बॅरिस्टर राजाभाऊ

बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे आपल्याच चांद्याचे, जन्म 1925 चा. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली, त्यामागे राजाभाऊंची मोठी खटपट. पुढच्या वर्षी फेडरेशन जाऊन रिपब्लिकन पक्ष आला. आदिवासी, मागास, भूमिहीन सारेच त्यात यावेत, हा बाबासाहेबांचा विचार. पडीक जमिनीसाठी 1964 मध्ये माणसं तुरुंगातही गेली. झाडीपट्टीत भूमिहीन काय कमी होते? पण मते बहुतेक एकाच समाजाची राहिली. त्यात काँग्रेसशी युती करावी का, यावरून गायकवाड गट, खोब्रागडे गट पडले. राजाभाऊ 1969 ला राज्यसभेचे उपसभापती झाले. इकडे एकाच वस्तीची मते दोन गटांत वाटली गेली. 1984 साली ते वारले, गट काही मिटले नाहीत.