न्यायासनावरून चळवळीत

विठ्ठल महादेव तारकुंडे यांनी १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद सोडले, तेव्हा निवृत्तीला अजून अवकाश होता. बारा वर्षे न्यायासनावर काढल्यानंतर ते दिल्लीला गेले आणि सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. देशातील नागरी हक्कांच्या चळवळीला या निर्णयामुळे एक खंबीर कायदेपंडित लाभला.

३ जुलै १९०९ रोजी सासवड येथे जन्मलेले तारकुंडे लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले आणि पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले. रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे ते सरचिटणीस होते. १९४८ मध्ये हा पक्ष विसर्जित झाला. त्यानंतर पक्षीय राजकारणाबाहेर राहून काम करण्याची भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

१९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत त्यांनी 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' स्थापन केली. या संस्थेच्या निवडणूक सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. मतदानाचे वय अठरा करावे, ही समितीची १९७५ मधील शिफारस १९८८ च्या घटनादुरुस्तीने प्रत्यक्षात आली.

आणीबाणीत स्थानबद्धांच्या बाजूने ते सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. तो खटला १९७६ मध्ये हरला. त्याच वर्षी नागरी स्वातंत्र्यासाठी लोकसंघटना उभी राहिली; जयप्रकाश अध्यक्ष, तारकुंडे कार्याध्यक्ष. १९७७ मध्ये जनता पक्ष सत्तेवर आला आणि संघटना थंडावली. अनेक सहकाऱ्यांना आता तिची गरज वाटेनाशी झाली होती. तारकुंडे मात्र त्याच वर्षी आंध्र प्रदेशात नक्षलवाद्यांच्या कथित चकमकींची चौकशी करीत होते. पोलिसांनी पकडलेल्या तरुणांना ठार मारून त्यास चकमकीचे रूप दिले, असा निष्कर्ष त्यांच्या समितीने काढला. सरकारला आयोग नेमावा लागला, पण ते काम तडीस गेले नाही.

१९८० मध्ये 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या नावाने संघटनेची नव्याने उभारणी झाली. ती सभासदांच्या वर्गणीवर चालली. परदेशी निधी तिने घेतला नाही. त्यामुळे हात नेहमीच आखडता राहिला, परंतु कोणाची मिंधेगिरीही करावी लागली नाही. १९८५ मध्ये 'सिटिझन्स'चा पंजाबमधील दडपशाहीवरील अहवाल सरकारने जप्त केला.

१९९८ मध्ये तारकुंडे यांना पद्मभूषण मिळाले. २२ मार्च २००४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.