मर्ल ओबेरॉन : मुंबईत जन्मलेली हॉलिवूडची नायिका

हॉलिवूडच्या सुवर्णकाळातील आघाडीची अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हिने आपले जन्मगाव जन्मभर लपविले. १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईतील एका गरीब अँग्लो-इंडियन कुटुंबात ती जन्मली. पुढे कोलकात्यात वाढलेल्या या तरुणीने लंडन गाठले. निर्माते-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डा यांनी १९३३ मध्ये 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' या चित्रपटात तिला ॲन बोलिनची छोटीशी भूमिका दिली आणि तिचे भाग्य उजळले. 'द डार्क एंजल'साठी (१९३५) तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. 'वुदरिंग हाइट्स'मधील (१९३९) लॉरेन्स ऑलिव्हिएसमवेतची तिची कॅथी तर अविस्मरणीय ठरली.

मात्र, वर्णभेदाच्या त्या काळात मिश्र वंशाच्या अभिनेत्रीला नायिकेचे स्थान मिळणे जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे तिचा जन्म ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर झाल्याची कहाणी रचण्यात आली. जिला ती आई मानत होती, त्या सावळ्या शार्लटची ओळख पाहुण्यांना मोलकरीण म्हणून करून दिली जाई, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे.

२३ नोव्हेंबर १९७९ रोजी तिचे निधन झाले. सत्य उजेडात आले ते त्यानंतर, १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चरित्रातून. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन मिळविणारी पहिली आशियाई वंशाची अभिनेत्री, हा तिचा मान तिला हयातीत कधीच मिरविता आला नाही.