पाचगणीच्या बोर्डिंगमधला लाजाळू बुलसारा जगाचा फ्रेडी मर्क्युरी कसा झाला?

दोनदा पाय आपटायचे आणि एकदा टाळी वाजवायची. धप, धप, टाळी.

क्रिकेटची मॅच असो, कॉलेजचं गॅदरिंग असो नाहीतर तिवस्यातल्या एखाद्या मैदानावरची कबड्डी, हा ठेका तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलाच असणार. तो ज्या बँडचा आहे त्याचं नाव क्वीन. आणि या बँडचा गायक होता फ्रेडी मर्क्युरी.

दरवर्षी जून महिन्यात, म्हणजे प्राइड मंथ सुरू झाला की याच फ्रेडीचे फोटो आपल्या फीडवर फिरायला लागतात. भरघोस मिशी, पिवळं जॅकेट, वर गेलेली मूठ. खाली लिहिलेलं असतं, जगातला सगळ्यात बिनधास्त गे रॉकस्टार.

पण हा गडी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत शिकला होता, हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. आणि तो खरंच 'ओपनली गे' होता का, या प्रश्नाचं उत्तरही त्या पोस्टमध्ये दिसतं तितकं सोपं नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

झांजिबार ते पाचगणी

फ्रेडीचं खरं नाव फारुख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांजिबार बेटावरचा. घर पारशी. आडनाव आलं गुजरातमधल्या बुलसार गावावरून, ज्याला आपण आज वलसाड म्हणतो. वडील बोमी बुलसारा ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. आईचं नाव जेर, धाकट्या बहिणीचं काश्मिरा.

पोराचं शिक्षण चांगलं व्हावं म्हणून आईवडिलांनी त्याला आठेक वर्षांचा असताना बोटीने भारतात पाठवलं. शाळा होती पाचगणीची सेंट पीटर्स. इंग्रजी वळणाची, कडक शिस्तीची बोर्डिंग स्कूल. घर समुद्रापलीकडे, त्यामुळे आईबापाची भेट क्वचितच व्हायची. काही सुट्ट्या मुंबईला आजी आणि मावशीकडे जायच्या.

इथेच फारुखचा फ्रेडी झाला. शाळेतली पोरं या नावाने हाक मारायला लागली आणि पुढे घरच्यांनीही तेच नाव उचललं. पोरांनी आणखी एक नाव दिलं होतं, ते त्याच्या पुढे आलेल्या दातांवरून. त्याच्या तोंडात चार दात जास्तीचे होते. पुढे करोडो कमावले, पण त्याने ते दात कधी काढले नाहीत. दात काढले तर आवाज बदलेल, अशी त्याला भीती होती. फोटो काढताना ओठाने दात झाकायची सवय मात्र आयुष्यभर राहिली.

पाचगणीत तो पियानो शिकला आणि १९५८ च्या सुमारास चार मित्रांसोबत त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे जगातल्या सर्वात मोठ्या गायकांपैकी एक मानला गेलेला हा माणूस त्या बँडचा मुख्य गायक नव्हता. तो मागे पियानोवर बसायचा.

एअरपोर्टवर बॅगा उचलणारा कलाकार

फ्रेडी झांजिबारला परतला आणि १९६४ च्या जानेवारीत तिथे क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली, मोठा रक्तपात झाला. बुलसारा कुटुंबाने मिळेल ते सामान उचललं आणि इंग्लंड गाठलं. लंडनच्या कडेला फेल्टहॅम नावाच्या भागात, विमानतळाच्या जवळ त्यांनी बस्तान बसवलं. तिथे ते होते फक्त आणखी एक स्थलांतरित सावळं कुटुंब.

फ्रेडी ईलिंगच्या आर्ट कॉलेजात गेला आणि १९६९ मध्ये ग्राफिक आर्टचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडला. पैशासाठी त्याने हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्याचंही काम केलं. केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलर नावाच्या मित्रासोबत जुने कपडे विकायचा स्टॉल टाकला. सोबत एका बँडमधून दुसऱ्या बँडमध्ये उड्या चालूच होत्या.

१९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे, ड्रमर रॉजर टेलर आणि फ्रेडी असे तिघं एकत्र आले. पुढच्या वर्षी बासवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

बँडचं नाव फ्रेडीने सुचवलं, क्वीन. म्हणजे राणी. शाही, वजनदार नाव. पण इंग्रजी बोलीत हा शब्द गे पुरुषांना हिणवण्यासाठीही वापरला जायचा. फ्रेडीला हे पक्कं माहिती होतं आणि त्याने तरीही तेच नाव लावून धरलं. बँडचं चिन्हही त्यानेच काढलं, चौघांच्या राशी घेऊन. त्याच काळात आडनाव बुलसाराचं मर्क्युरी झालं.

सहा मिनिटांचं गाणं चालणारच नाही म्हणाले

१९७५ साली क्वीनने 'बोहेमियन रॅप्सडी' नावाचं गाणं तयार केलं. लांबी जवळजवळ सहा मिनिटं, अर्ध्यात ऑपेरा, शेवटी दणदणीत रॉक, आणि धृपदाचा पत्ताच नाही. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी वाजायची तो काळ. असलं गाणं कोणी लावणार नाही, असं कंपनीवाल्यांचं मत पडलं.

फ्रेडी हटला नाही. गाण्याला कात्री लावायची नाही, यावर तो ठाम राहिला. मग त्याचा मित्र, रेडिओवरचा केनी एव्हरेट याने ते गाणं एका वीकेंडला १४ वेळा वाजवलं. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे पहिल्या नंबरवर बसून राहिलं.

फ्रेडीची कामाची पद्धत अशीच होती. स्टेजवर जो माणूस उधळलेला दिसायचा, तो स्टुडिओत एकेका सुरासाठी तासन् तास घालवायचा. आणि स्टेजवरून उतरला की एकदम लाजाळू. मुलाखतींचा कंटाळा, अनोळखी माणसांत अवघडलेला. पाचगणीचं ते पोरगं कुठे गेलंच नव्हतं.

मेरी, जिम आणि न सांगितलेली गोष्ट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

लंडनमधल्या एका कपड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या मेरी ऑस्टिनवर फ्रेडीचं प्रेम होतं. दोघं अनेक वर्षं एकत्र राहिले. १९७६ च्या सुमारास त्याने तिला सांगितलं की आपल्याला पुरुषही आवडतात, आपण बायसेक्शुअल असू. मेरीने त्याला तोंडावर सांगितलं की तू गे आहेस. नवराबायकोसारखं नातं तिथे संपलं, पण मैत्री शेवटपर्यंत टिकली. त्याने तिला जवळच घर घेऊन दिलं.

१९८५ पासून त्याचा जोडीदार होता जिम हटन. हा कोणी स्टार नव्हता, केस कापण्याचं काम करणारा आयरिश माणूस होता. फ्रेडीच्या 'गार्डन लॉज' या घरात दोघं राहायचे. घरी मांजरांचा गोतावळा, बागेत तळं आणि मासे. मित्रमंडळींना सगळं माहिती होतं. जगासमोर मात्र जिमची ओळख जोडीदार म्हणून कधी करून दिली गेली नाही.

मग फ्रेडी ओपनली गे होता का? १९७४ च्या एका मुलाखतीत त्याने आपण गे असल्याचं थट्टेच्या सुरात सांगूनही टाकलं होतं. खरं की मस्करी, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. त्याचे कपडे, चाल, मिशी, कशातच लपवाछपवी नव्हती. पण मी गे आहे, अशी घोषणा त्याने पत्रकार बोलावून कधीच केली नाही.

याला काळही कारण होता. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत दोन पुरुषांमधले संबंध हा गुन्हाच होता. कायदा बदलला तरी नजरा बदलल्या नव्हत्या. १९८८ मध्ये तर तिथल्या सरकारने समलैंगिकतेचा 'प्रचार' करायला स्थानिक संस्थांवर बंदी घातली.

१९८४ च्या एका व्हिडिओत क्वीनचे चौघंही बायकांच्या वेशात आले. फ्रेडी मिनी स्कर्ट आणि मिशी अशा अवतारात घर झाडताना दिसला. ब्रिटनमध्ये लोक हसले, कारण नाटकात पुरुषांनी बाईचं सोंग घेणं तिथे जुनंच. अमेरिकेत मात्र चॅनेलवाल्यांना ते पचलं नाही.

आपल्याला हे समजायला लांब जायला नको. बालगंधर्वांच्या शालूची फॅशन याच महाराष्ट्राने केली. आपल्या विदर्भातल्या खडी गंमतीत बाईचं काम पुरुषच करत आले आणि गावोगावी लोकांनी त्यांच्यावर पैसे ओवाळले. पण स्टेजवर टाळ्या पडणाऱ्या त्याच माणसाला चौकात काय ऐकावं लागतं, हेही आपल्याला माहिती आहे. मराठी सिनेमात नाच्याच्या भूमिका करणारे गणपत पाटील गे नव्हते, बायकोपोरांचे होते. तरी भूमिकेचा शिक्का त्यांना खाजगी आयुष्यात चिकटलाच.

सोंग चालतं, माणूस चालत नाही. फ्रेडीचं आयुष्य याच दोन्हींच्या मधल्या पट्टीत गेलं.

२१ मिनिटं

१३ जुलै १९८५. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' ही मैफल लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर भरली. समोर सुमारे ७२ हजार लोक आणि जगभरात टीव्हीसमोर कोट्यवधी. क्वीनचे दिवस संपले, असं तेव्हा बोललं जात होतं.

फ्रेडी पांढऱ्या बनियनवर आणि जीन्सवर आला. पुढची २१ मिनिटं त्याने अख्खं स्टेडियम हातावर नाचवलं. तो सूर लावायचा, ७२ हजार लोक तो सूर परत द्यायचे. रॉकच्या इतिहासातला सर्वोत्तम लाइव्ह कार्यक्रम कोणता, असं विचारलं की आजही अनेक जण याच २१ मिनिटांचं नाव घेतात.

शेवटची लढाई

१९८७ मध्ये फ्रेडीला एचआयव्ही असल्याचं निदान झालं. प्रभावी औषधं यायला अजून बरीच वर्षं होती. एड्स म्हणजे गे लोकांना मिळालेली शिक्षा, असं तेव्हा उघडपणे बोललं जायचं. पेपरवाले त्याच्या घराबाहेर कॅमेरे लावून बसायचे. तो वाळत चाललेला दिसत होता, तरी बँडने आणि घरच्यांनी तोंड उघडलं नाही.

फ्रेडीने मात्र काम वाढवलं. ऑपेरा गायिका मोंतसेराट काबाये हिच्यासोबत १९८८ मध्ये 'बार्सेलोना' अल्बम केला. क्वीनच्या चौघांनी गाण्यांचं श्रेय सारखं वाटून घ्यायचं ठरवलं आणि जुनी भांडणं मिटवली. १९९१ मध्ये उभं राहणं कठीण झालं होतं, तेव्हाही स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावी तो पुढच्या गाण्यांसाठी आवाज देऊन ठेवत होता. ती गाणी १९९५ मध्ये बाहेर आली.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने निवेदन काढून आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला तो गेला. वय ४५.

त्याने हे आधी का सांगितलं नाही, अशी टीका त्यानंतर बरीच झाली. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने दोनच आठवड्यांपूर्वी आपल्याला एचआयव्ही असल्याचं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. फ्रेडी आधी बोलला असता तर अनेक रुग्णांना बळ मिळालं असतं, यात तथ्य आहे. पण आजारी माणसाला आपलं दुखणं स्वतःजवळ ठेवायचा हक्क असतो, हेही तितकंच खरं. घराबाहेरचे कॅमेरे बघितले की तो गप्प का राहिला हे कळतं.

अंत्यविधी पारशी पद्धतीने झाला. धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या आणि पश्चिम लंडनमध्ये दहन झालं. अस्थी मेरीकडे गेल्या. त्या कुठे ठेवल्या, हे तिने सांगितलेलं नाही. मित्रांनी १९९२ मध्ये त्याच्या नावाने 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' काढला. एचआयव्हीविरोधात काम करणाऱ्यांना तो मदत करतो.

आपल्याकडे काय?

भारतात समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनीच आणलं होतं. सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं ६ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे फ्रेडीच्या ७२ व्या जन्मदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. हा निव्वळ योगायोग. पण ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते नवतेज सिंग जोहर भरतनाट्यम नर्तक, म्हणजे स्टेजवरचेच कलाकार. जे फ्रेडीने कधी जाहीरपणे सांगितलं नाही, ते जोहर यांनी कोर्टात स्वतःचं नाव लावून सांगितलं.

तिवस्यासारख्या तालुक्याच्या गावात आजही एखाद्या पोराला हे घरी सांगणं सोपं नाही. आणि सांगितलं नाही म्हणून तो भित्रा ठरत नाही. फ्रेडीने मेरीला सांगितलं, मित्रांना सांगितलं, जिमसोबत संसार केला. जगाला सांगायचं की नाही, हे त्याने स्वतः ठरवलं.

आज माँत्रोच्या तळ्याकाठी त्याचा पुतळा उभा आहे, एक मूठ आकाशात उंचावलेली. आणि पाचगणीला जाणारे त्याचे चाहते टेबललँड बघून झालं की सेंट पीटर्स शाळा कुठे आहे, ते विचारत फिरतात.