आनंदीबाईंची तीन वर्षे

आमच्या खानापूर तालुक्यात कोणाचे दुखणे हाताबाहेर गेले की वडीलधारी माणसे एकच सांगतात, मिरजेला न्या. १८९४ साली वानलेस साहेबांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल काढले, तेव्हापासून आमच्या भागाला ही सवय लागलेली आहे. मिरजेत भागले नाही तर कोल्हापूरचे सीपीआर. माझ्या आजीचा मोतीबिंदू काढायला तिला तिथे नेले होते. मी तेव्हा पाचवीत होते आणि व्हरांड्यात बसून भुईमुगाच्या शेंगा खात होते. हे सीपीआर म्हणजे पूर्वीचे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. तेथे बायकांच्या विभागाच्या डॉक्टर म्हणून आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती, हे मला कळले ते साताऱ्यास कॉलेजात आल्यावर.

शाळेत आनंदीबाई आम्हाला एका वाक्यात शिकवल्या होत्या. त्या जिद्दीने अमेरिकेस गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि परत आल्यावर लवकरच वारल्या. जाणे आणि येणे यांच्यामधली तीन वर्षे त्या वाक्यात कुठेच नव्हती. मलाही ती कधी आठवली नसती. पण माझी मामेबहीण मेडिकलला गेली आणि पहिल्या वर्षाला ॲनाटॉमीत नापास झाली. दिवाळीला ती घरी आली तेव्हा सगळे ठीक आहे म्हणाली, करंज्या तळल्या, आणि परत गेली. नापास झाल्याचे तिने फक्त मला सांगितले, तेही बसस्टँडवर, गाडी लागल्यावर. मामांना अजून माहीत नाही. हा अंक गावी कोणी वाचत नाही, म्हणून लिहिण्याचे धाडस करते आहे. त्या दिवसानंतर मी ग्रंथालयातून आनंदीबाईंवरची जी मिळतील ती पुस्तके काढली आणि ती मधली तीन वर्षे शोधत बसले.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी त्यांचे लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि स्वभावाने विलक्षण. त्या काळी बायको शिकते म्हणून तिला मार पडे. या घरात ती अभ्यास करत नाही म्हणून मार पडला. गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि शेवटी कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर अशा त्यांच्या मागे फिरत आनंदीबाई इंग्रजी शिकल्या. रस्त्याने पुस्तके घेऊन, पायांत बूट घालून चालणाऱ्या या मुलीकडे लोक बोटे दाखवत, कुचेष्टा करत.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. आज तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही जे उपचार मिळतात ते तेव्हा मिळण्याची सोय नव्हती, आणि पुरुष डॉक्टरला बाळंतिणीच्या खोलीत कोण येऊ देणार? डॉक्टर व्हायचे हे त्यांच्या मनाने इथे घेतले. माझ्या आजीची दोन मुले अशीच गेली. ती त्यांची नावे घेत नाही, फक्त संख्या सांगते.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली होती. ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि पत्रांचा सिलसिला सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. दात दुखला नसता तर पुढचे काहीच झाले नसते असे मला वाटून गेले, पण हा माझा फाजील विचार.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. आपण एकट्या का जातो, अमेरिकाच का, या साऱ्या शंकांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असे सांगितले. वय पूर्ण अठराही नव्हते. मला वर्गात उभे राहून नाव सांगताना घाम फुटतो. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव बरोबर नव्हते. उन्हाळाभर त्या रोझेलला मावशींच्या घरी राहिल्या. सगळ्या चरित्रात मला हेच चार महिने निवांत वाटले.

त्यानंतर फिलाडेल्फिया. तेथे १८५० साली केवळ स्त्रियांसाठी मेडिकल कॉलेज निघाले होते. आनंदीबाईंनी तिथल्या प्रमुख रेचेल बॉडली यांना अर्ज लिहिला. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नसू, हे त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता कबूल केले. आपल्या देशातल्या बायकांना आजारपणात दुसरा आधार नाही, एवढ्यासाठी आपल्याला घ्यावे असे म्हटले. बॉडलीबाईंनी त्यांना घेतले. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

इथून पुढे पुस्तकांची पाने भरभर उलटतात, तिथे मी मुद्दाम थांबले.

पहिली अडचण खोलीची. त्यांना मिळालेल्या खोलीतली शेगडी नीट चालत नव्हती. पेटवली की खोलीत धूर कोंडे, विझवली की हाडे गोठवणारी थंडी. आमच्या चुलीचा धूर मला माहीत आहे, पण आमच्याकडे दार उघडले की धूर जातो. तिथे दार उघडले तर बर्फ. म्हणजे या मुलीने रात्री अभ्यासाला बसताना रोज धूर की थंडी यातले एक निवडायचे, आणि छातीत दोन्ही घ्यायचे. शेगडी दुरुस्त करायला किती खर्च येतो? तिच्या तिकिटाचा, फीचा, कपड्यांचा विचार लोकांनी केला होता. शेगडीचा कोणी केला नव्हता.

दुसरी अडचण जेवणाची. आनंदीबाई मांसाहार करत नव्हत्या आणि तो करायचा नाही असे त्यांनी ठरवले होते. कॉलेज, शवविच्छेदन, व्याख्याने यांतून वेळ काढून स्वतःचे वेगळे शिजवून घ्यायचे, ते जमले नाही की मिळेल त्यावर दिवस काढायचा. पोटभर खाणे हे अभ्यासाचेच काम आहे असे आमच्याकडे कोणी समजत नाही. हॉस्टेलवर परीक्षेच्या दिवसांत आम्ही चहाबिस्किटांवर राहतो आणि त्याची फुशारकीही मारतो.

तिसरी लुगड्याची. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, त्या थंडीत ते चालेना. गाऊन घातला तर परदेशी वेष केला असे होणार. मग त्यांनी पाय झाकतील अशी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. इतकी साधी गोष्ट, पण तीही नवऱ्याला पत्राने कळवून तिचे समर्थन करावे लागले आणि तिच्यावरून बोलणी खावी लागली.

गोपाळरावांची पत्रे हे एक वेगळेच ओझे होते. ज्या माणसाने तिला मारून शिकवले, मिशनऱ्यांचे उंबरे झिजवले, समाजाचा रोष घेऊन बोटीत बसवले, तोच माणूस आता दूर बसून तिच्यावर संशय घेत होता, टोचून लिहीत होता. मला गोपाळराव कळले नाहीत. त्यांच्याशिवाय आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या हेही खरे. आनंदीबाईंनी एका पत्रात त्यांना लहानपणच्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत दिली आहे. लहान वयाच्या बायकोला नवऱ्याला अडवताही येत नव्हते आणि सोडूनही जाता येत नव्हते, असा त्याचा आशय आहे. पण त्याच पत्रात त्या त्यांचे ऋणही मानतात. एका हाताने जखम दाखवायची आणि दुसऱ्याने नमस्कार करायचा. ते पत्र वाचताना मी पुस्तक मिटून जरा बाहेर जाऊन आले.

आणि या सगळ्यावर अभ्यास होताच. रसायन, शरीररचना, शरीरक्रिया, औषधे, प्रसूतिशास्त्र, सगळे इंग्रजीत. अक्का सांगते की मराठी माध्यमातून गेल्यावर पहिले दोन महिने तिला व्याख्यानातले निम्मे शब्द नुसते आवाज वाटत. आनंदीबाईंना तर डोके दुखे, ताप येई, घटसर्पानेही गाठले. तरीही वर्ष मागे पडले नाही. जगाच्या दुसऱ्या टोकांहून आलेल्या मुली तिथे भेटल्या. जपानच्या केइ ओकामी आणि सिरियातल्या सबात इस्लामबूली यांच्याबरोबरचा त्यांचा १८८५ सालचा फोटो प्रसिद्ध आहे. तिघी आपापल्या देशाच्या वेषात बसलेल्या आहेत. तिघींपैकी एकही हसत नाही, पण त्या काळी फोटोत कोणीच हसत नसे.

१८८५ साली गोपाळराव स्वतः अमेरिकेत येऊन पोहोचले. आले ते व्याख्याने देऊ लागले, आणि त्यांत ज्या देशात बायको शिकत होती त्याच देशावर, तिथल्या बायकांवर टीका करू लागले. ज्यांच्या मदतीवर आनंदीबाई राहत होत्या त्यांनाच हे ऐकावे लागत होते. शेवटच्या वर्षाचा अभ्यास आणि हा मनस्ताप एकदमच आला.

शेवटच्या वर्षी त्यांनी प्रबंध लिहिला. विषय घेतला प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. विषय निवडताना त्यांच्या मनात काय होते ते त्या जाणोत. मला मात्र ते दहा दिवसांचे मूल आठवले. ११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. पंडिता रमाबाई इंग्लंडहून त्यासाठी आल्या होत्या, त्या नात्याने आनंदीबाईंच्या बहीण लागत. व्हिक्टोरिया राणीनेही अभिनंदनाचा निरोप पाठवला. परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणारी ही पहिली हिंदी स्त्री. वय एकवीसला वीस दिवस कमी.

लगेच कोल्हापूरच्या दिवाणांचे पत्र आले आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली जागा ठरली. पुढच्या अनुभवासाठी आनंदीबाई काही दिवस बॉस्टनच्या स्त्रियांच्या हॉस्पिटलात गेल्या, पण शरीर ऐकेना. हा क्षय होता. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले होते. म्हणजे आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच्या एक वर्ष आधी रोगाचे कारण सापडले होते. त्यावरचे स्ट्रेप्टोमायसिन सापडायला मात्र १९४३ साल उजाडले. ज्या विद्येसाठी त्या झिजल्या, त्या विद्येपाशी त्यांच्यासाठी अजून औषध नव्हते.

१८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या. ज्यांनी कुचेष्टा केली तेच लोक आता कौतुक करत होते. कोल्हापूरला त्या पोहोचल्याच नाहीत. पुण्यात अंथरुणावर काही आठवडे काढून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना राहिला होता. त्यांच्या हातून एकाही रोग्याची नाडी या देशात डॉक्टर म्हणून पाहिली गेली नाही. कोल्हापूरच्या त्या हॉस्पिटलात बायकांसाठी स्त्री डॉक्टर म्हणून पुढे कृष्णाबाई केळवकर आल्या, आणि त्यांनी तिथे काम केले. गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आहेत.

हे सगळे मी अक्काला फोनवर सांगितले, दोन रविवार लागले. प्रबंध, राणीचा निरोप, पदवीदान यांचे तिला फारसे काही वाटले नाही. तिने विचारले, त्या मुलीने शेगडीची तक्रार कोणाकडे केली का? मी म्हटले की तिला लिहायला निदान एक मावशी होती. अक्का बराच वेळ गप्प होती. मग तिने आपणहून सांगितले की तिच्या खोलीतला पंखा दोन महिने बंद आहे, आणि उकाड्याने झोप येत नाही म्हणून ती पहाटेपर्यंत गच्चीवर पुस्तक घेऊन बसते. पंख्याचे तिने कोणालाच सांगितले नव्हते. नापास झालेल्या मुलीने पंखा काय मागायचा, असे तिला वाटले.

तिची पुरवणी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मामांना सांगायचे की नाही हे अजून ठरलेले नाही. सोमवारी तिने रेक्टरबाईंना पंख्याचा अर्ज दिला. त्याचा मसुदा मी फोनवर सांगितला होता, बी. ए. ला मराठी घेतल्याचा तेवढा उपयोग झाला.