अबुल कासिम जहरावी

दात दुखू लागला की माणसाला दुसरे काही सुचत नाही. गालाला रुमाल बांधून तो रात्र कशीबशी काढतो आणि सकाळी दवाखान्यात जाऊन सांगतो की, हा दात एकदाचा काढून टाका. डॉक्टर मात्र लगेच दात काढीत नाहीत. तो वाचवता येईल का, हे ते आधी पाहतात. दात वाचवण्याचा हा आग्रह आजचा नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील एका शस्त्रवैद्याने तो आपल्या ग्रंथात लिहून ठेवला होता. त्यांचे नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास जहरावी. युरोपातील लोक त्यांना अल्बुकासिस या नावाने ओळखत.

त्या काळी स्पेनच्या मोठ्या भागावर मुसलमान राज्यकर्त्यांची सत्ता होती. या प्रदेशाला अरबीत अंदलुस म्हणत. त्याची राजधानी कॉर्डोबा, म्हणजेच तुमच्या उर्दू पुस्तकातले कुर्तुबा. तेथील खलिफा तिसरे अब्दुर्रहमान यांनी इ. स. ९३६ च्या सुमारास कॉर्डोबाच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी एक नवे नगर बांधायला सुरुवात केली. त्याचे नाव मदीनतुज्जहरा. अबुल कासिम यांचा जन्म याच सुमारास झाला असे मानतात. या नगरावरूनच त्यांना जहरावी हे नाव मिळाले. त्यांच्या नावाला अन्सारी अशीही जोड आढळते. त्यावरून त्यांचे पूर्वज मदिनेच्या अन्सारांपैकी असावेत, असा तर्क करतात.

त्यांच्या बालपणाविषयी फारच थोडी माहिती मिळते. पण ते ज्या नगरीत वाढले, तिच्याविषयी पुष्कळ लिहिलेले आहे. कॉर्डोबा हे विद्येचे मोठे केंद्र होते. खलिफा दुसरे हकम यांना ग्रंथांचे एवढे वेड होते की, त्यांच्या ग्रंथालयात चार लाख पुस्तके होती असे जुने इतिहासकार सांगतात. आकडा थोडा फुगवलेला असेल, पण ग्रंथालय फार मोठे होते यात शंका नाही. जहरावी हे याच खलिफांचे वैद्य होते, असेही सांगितले जाते.

एवढे ग्रंथ असूनही जहरावींना एका गोष्टीचे वाईट वाटे. औषधे देणारे हकीम पुष्कळ होते, पण जर्राही म्हणजे शस्त्रक्रिया नीट जाणणारा मनुष्य मिळत नसे. जुन्या ग्रंथांत या विद्येचे जे थोडे वर्णन उरले होते, तेही नकला करणाऱ्यांच्या चुकांमुळे बिघडले होते. शरीराच्या आत काय कोठे आहे हे न शिकताच लोक हातात सुरी घेत. अशा वैद्यांमुळे दगावलेल्या रोग्यांच्या हकिकती जहरावींनी लिहून ठेवल्या आहेत. एका वैद्याने एका बाईच्या मानेवरची गाठ कापताना धमनी कापली. रक्त थांबेना आणि ती जागच्या जागी मरण पावली. दुसऱ्याने एका म्हाताऱ्या माणसाचा मूतखडा काढताना मूत्राशयाचा तुकडाच कापून काढला. तो बिचारा तिसऱ्या दिवशी गेला. या गोष्टी जहरावी आपल्या शिष्यांना सांगत. शिष्यांना ते मुलांप्रमाणे मानीत. पैशाच्या लोभाने धोक्याचे काम अंगावर घेऊ नका, असे ते त्यांना पुनःपुन्हा बजावीत.

जवळजवळ पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर, इ. स. १००० च्या सुमारास त्यांचा मोठा ग्रंथ पूर्ण झाला. त्याचे नाव अत्-तसरीफ. पूर्ण नाव बरेच लांब आहे. ज्याला स्वतः एवढे ज्ञान गोळा करणे शक्य नाही त्याच्यासाठी केलेली मांडणी, असा त्याचा साधारण अर्थ होतो. या ग्रंथाचे ३० भाग आहेत आणि शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा आहे. त्यात डाग देणे, कापणे व टाके घालणे, आणि मोडलेली हाडे बसवणे अशी तीन प्रकरणे आहेत. सुमारे २०० हत्यारांची चित्रेही त्यांनी दिली आहेत. मेंढीच्या आतड्याच्या धाग्याने टाके कसे घालावेत हे त्यांनी लिहिले आहे. मोठ्या मुंग्यांच्या जबड्यांनी आतड्याची जखम कशी मिटवावी हेही लिहिले आहे. ही मुंग्यांची युक्ती आपल्या देशात सुश्रुतांनाही ठाऊक होती.

जहरावींवरचे बहुतेक लेख या २०० हत्यारांची मोजदाद करून थांबतात. मला मात्र त्यांची दातांवरची प्रकरणे अधिक महत्त्वाची वाटतात. दात दुखल्याने सहसा कोणी मरत नाही. म्हणून मोठे वैद्य त्या कामात लक्ष घालीत नसत. दात काढणे हे न्हाव्यांचे काम, असे ठरून गेले होते. जहरावींनी या कामालाही आपल्या ग्रंथात मानाची जागा दिली.

पहिली गोष्ट दातांच्या सफाईची. दातांवर काळा, पिवळा, हिरवट थर साचतो, त्याला आपण कीटण म्हणतो. या थरामुळे हिरड्या खराब होतात हे जहरावींच्या लक्षात आले होते. रोग्याचे डोके मांडीवर घेऊन हा थर खरवडून काढावा, एका दिवसात निघाला नाही तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा खरवडावा, असे ते सांगतात. दाताच्या आतल्या बाजूला एक हत्यार चालते, बाहेरच्या बाजूला दुसरे आणि दोन दातांच्या फटीत तिसरेच. म्हणून त्यांनी खरवडण्याच्या हत्यारांचे चौदा नमुने काढून दाखवले आहेत.

दुसरी गोष्ट दात काढण्याची. येथे त्यांची सूचना अशी की, दात काढण्याची घाई करू नये. दात ही फार मोलाची वस्तू आहे आणि गेलेल्या दाताची भरपाई कशानेच होत नाही. म्हणून आधी सगळे उपाय करून पाहावेत. काढायचाच असेल तर कोणता दात दुखतो याची पक्की खात्री करून घ्यावी. वेदना माणसाला फसवते. दुखत असतो एक दात आणि रोगी बोट ठेवतो शेजारच्या चांगल्या दातावर. न्हावी तो चांगला दात उपटतो, आणि दुखणे तसेच राहते. हा प्रकार नेहमी घडे. लहानपणी माझ्याही बाबतीत एकदा असेच झाले होते, म्हणून हे वाचताना मला हसूही आले आणि गाल चोळावासाही वाटला.

दाताची खात्री झाल्यावर भोवतीची हिरडी सोडवावी, दात हळूहळू हलवून सैल करावा आणि मगच चिमट्याने सरळ वर ओढावा. दात आतून पोकळ झाला असेल तर चिमट्याखाली त्याचा चुरा होतो. म्हणून त्या पोकळीत आधी कापड घट्ट ठासून भरावे. नंतर सिरका आणि मीठ यांनी चूळ भरावी. घिसाडघाई करणारे लोक दात मोडतात व मुळे आतच ठेवतात, किंवा दाताबरोबर जबड्याच्या हाडाचा तुकडाही काढतात, अशी त्यांची तक्रार आहे.

त्यांचे सगळेच म्हणणे आज टिकत नाही. अनेक रोगांवर ते तापवलेल्या लोखंडाचा डाग देत. दातात खरोखरचा किडा असतो ही त्या काळची समजूतही त्यांच्या लेखनात दिसते. तसा किडा नसतो. तोंडातील जंतू गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो. तरी आपण मराठीत दात किडला म्हणतो आणि उर्दूत दाताला किडा लागला म्हणतो. जुनी समजूत गेली, शब्द राहिला.

तिसरी गोष्ट सर्वांत नवलाची. मार लागून दात सैल झाला तर काय करावे? जहरावी तो काढीत नसत. ते सैल दात शेजारच्या घट्ट दातांना तारेने बांधून टाकीत. त्यासाठी चांदीपेक्षा सोन्याची तार चांगली, कारण तोंडात चांदी थोड्याच दिवसांत हिरवट पडून खराब होते, सोने तसेच राहते. तार दातांच्या फटीत मावेल एवढीच जाड असावी. ती एका घट्ट दातापासून सुरू करून सैल दातांमधून विणत दुसऱ्या बाजूच्या घट्ट दातापर्यंत न्यावी आणि परत आणावी. ती हिरडीजवळ बांधावी, म्हणजे निसटत नाही. शेवटी तारेची टोके पिळून दातांच्या मध्ये दडवून ठेवावीत, नाहीतर ती जिभेला टोचतात. एवढ्या बारीक गोष्टीचा विचार करणाऱ्या माणसाने हे काम स्वतःच्या हाताने अनेकदा केले असले पाहिजे.

दात पडून गेला असेल तर तोच दात जागेवर ठेवून असाच बांधावा. नाहीतर बैलाच्या हाडाचा तुकडा घेऊन त्याला दाताचा आकार द्यावा आणि तो रिकाम्या जागी बसवून तारेने बांधावा. असा दात माणसाला पुष्कळ दिवस उपयोगी पडतो, असे त्यांनी नमूद केले आहे. पण हे काम कुशल आणि हलक्या हाताच्या माणसानेच करावे, ही अटही घातली आहे.

हाडाच्या या दातात एक उणीव होती. त्याला मूळ नव्हते. तो शेजाऱ्यांच्या आधाराने उभा राही. शेजारचे दात हलले की तोही हले. पुढे कित्येक शतके कृत्रिम दातांची हीच अडचण होती. माझ्या आजोबांची कवळी हिरडीवर नुसती बसवलेली असे. जोरात हसताना ती खाली घसरे, म्हणून ते तोंडासमोर हात धरून हसत.

ही उणीव दूर झाली ती विसाव्या शतकात, आणि तीही एका वेगळ्याच प्रयोगातून. १९५२ साली स्वीडनमधील लुंड येथे पेर इंगवार ब्रोनेमार्क हे शास्त्रज्ञ सशाच्या हाडात रक्त कसे फिरते ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियम या धातूचे एक लहान उपकरण बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते निघेना. हाड धातूला घट्ट धरून वाढले होते. यावरून त्यांना कृत्रिम दाताला मूळ देण्याची कल्पना सुचली. १९६५ साली त्यांनी पहिल्यांदा एका रोग्याच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसवली. या उपचाराला आज डेंटल इम्प्लांट म्हणतात.

इम्प्लांट बसवताना डॉक्टर आधी जबड्याचे एक्स-रे काढून हाड पुरेसे आहे का ते पाहतात. मग ती जागा बधिर करून हिरडी उघडतात आणि हाडात एक बारीक भोक पाडतात. भोक पाडताना त्यावर सतत पाणी सोडावे लागते, कारण हाड फार तापले तर मरते आणि मेलेले हाड धातूला धरीत नाही. या भोकात टायटॅनियमचा स्क्रू फिरवून बसवतात. तो साधारण चार मिलिमीटर जाड आणि दहा मिलिमीटर लांब असतो. त्यानंतर बहुतेक वेळा काही महिने थांबावे लागते. तेवढ्या काळात हाड स्क्रूच्या आट्यांत शिरून त्याला पक्के पकडते. मग स्क्रूवर एक लहान खुंटी आणि खुंटीवर दाताच्या रंगाची टोपी बसवतात. अशा दाताला शेजाऱ्यांचा आधार लागत नाही. तो किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजू शकते, म्हणून जहरावींनी सांगितलेली सफाई याही दाताला चुकत नाही. तंबाखू ओढणाऱ्यांच्या आणि मधुमेह आटोक्यात नसलेल्यांच्या जबड्यात असा स्क्रू पक्का न बसण्याचा धोका जास्त असतो.

जहरावींच्या आयुष्याची अखेर अशांत काळात झाली. खिलाफतीत यादवी माजली. इ. स. १०१० च्या सुमारास मदीनतुज्जहरा लुटले गेले आणि उद्ध्वस्त झाले. यानंतर थोड्याच वर्षांत, बहुधा १०१३ साली, जहरावी वारले. नगराबरोबर त्यांच्याविषयीची बरीचशी माहितीही नाहीशी झाली असावी. ग्रंथ मात्र वाचला.

बाराव्या शतकात टोलेडो येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी त्यातील शस्त्रक्रियेच्या भागाचे लॅटिनमध्ये भाषांतर केले. त्यामुळे युरोपातील वैद्य तो वाचू लागले. फ्रान्समधील प्रसिद्ध शस्त्रवैद्य गी द शोलियाक यांनी १३६३ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात जहरावींचा ठिकठिकाणी आधार घेतला आहे. १४९७ साली व्हेनिसमध्ये हे लॅटिन भाषांतर छापले गेले. १७७८ साली ऑक्सफर्डमध्ये आणि १९०८ साली आपल्या लखनौमध्ये अरबी मजकूर छापला गेला. १९७३ साली इंग्रजी भाषांतरासह पुन्हा अरबी मजकूर प्रसिद्ध झाला. हत्यारांच्या चित्रांबरोबर ते छोटे चित्रही या ग्रंथात आहे: दोन घट्ट दात, दोन सैल दात आणि त्यांच्यामधून विणलेली सोन्याची तार.