आठवड्याला काही डॉलर घेऊन बेसबॉल खेळला, म्हणून त्याची ऑलिम्पिकची दोन्ही गोल्ड मेडल काढून घेतली

साल १९१२. स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये ऑलिम्पिक सुरू होतं. डेकॅथलॉन म्हणजे दहा खेळांची मिळून एक स्पर्धा. त्यात उतरायची वेळ आली आणि अमेरिकेच्या एका खेळाडूचे बूटच गायब झाले. गड्यानं इकडून तिकडून शोधून दोन बूट मिळवले. एक एका मापाचा, दुसरा दुसऱ्याच मापाचा. जो मोठा होत होता त्या पायात जास्तीचे मोजे घातले आणि मैदानात उतरला. त्याचा त्या दिवसांतला फोटो आजही इंटरनेटवर फिरतो. नीट बघितलं तर दोन पायांत दोन वेगळे बूट आणि दोन वेगळे मोजे दिसतात.

त्या बुटांवर त्यानं ८,४१२ गुण कमावले. दुसऱ्या नंबरवाला जवळपास ७०० गुणांनी मागे होता. त्याच्या काही दिवस आधी याच माणसानं पेंटॅथलॉनचंही गोल्ड मारलं होतं, पाचपैकी चार प्रकारांत पहिला येऊन.

नाव जिम थॉर्प. पुढच्या सहा-सात महिन्यांत ही दोन्ही मेडल त्याच्याकडून परत घेतली गेली. डोपिंग नाही, चीटिंग नाही. त्यानं खेळायचे पैसे घेतले होते, एवढाच गुन्हा.

आज अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या पोरांना किती पैसे द्यायचे, त्यांनी एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात कधी आणि किती वेळा जायचं, यावरून कोर्टकचेऱ्या सुरू असतात. त्या सगळ्या भांडणाची मुळं शोधायला गेलं की हा माणूस सापडतोच.

थॉर्पचा जन्म १८८७ च्या आसपासचा. आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात तो भाग तेव्हा राज्यही नव्हता, इंडियन टेरिटरी होती. तो सॅक अँड फॉक्स या मूलनिवासी जमातीतला. घरचं नाव वा-थो-हक, म्हणजे साधारण उजळलेली वाट. त्याला एक जुळा भाऊ होता, चार्ली. तो नऊ वर्षांचा असताना न्यूमोनियानं गेला. नंतर आई गेली, मग वडीलही. शाळेतून पळून जाणं हा जिमचा ठरलेला कार्यक्रम होता. शेवटी १९०४ मध्ये त्याची रवानगी पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलमध्ये झाली.

या शाळेबद्दल थोडं थांबून सांगायला पाहिजे. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं जुन्या बराकींमध्ये ती सुरू केली. मूलनिवासी पोरांना त्यांच्या जमातीपासून तोडायचं आणि गोऱ्या लोकांसारखं बनवायचं, हा उघड हेतू. आल्या आल्या केस कापायचे, अंगावर गणवेश चढवायचा, नाव इंग्रजी द्यायचं आणि आपल्या भाषेत बोललं की शिक्षा. अर्धा दिवस अभ्यास, अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम, शेती. मधल्या काळात पोरांना आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे तुटपुंज्या मजुरीवर राबायला पाठवायचे. जिमही असाच शेतावर जाऊन आला.

म्हणजे कागदावर कार्लाइल हे हार्वर्डसारखं कॉलेज नव्हतंच. पण फुटबॉलमध्ये ते हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, आर्मी अशा बड्या टीमशी भिडायचं. इथं फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लांबट बॉल हातात घेऊन धावायचं आणि अंगावर येणाऱ्याला आडवं करायचं, तो. कार्लाइलचा कोच होता ग्लेन वॉर्नर, ज्याला सगळे पॉप वॉर्नर म्हणायचे. डोक्यानं तयार माणूस. त्यानं ओळखलं होतं की इंडियन पोरांची टीम बघायला लोक तिकीट काढून गर्दी करतात. टीम बहुतेक सामने बाहेर जाऊन खेळायची आणि गेटवरच्या कमाईत वाटा घ्यायची. तो पैसा शाळेच्या ॲथलेटिक फंडात जायचा आणि त्या फंडाच्या चाव्या होत्या वॉर्नरकडे.

जिम वॉर्नरच्या नजरेत आला १९०७ मध्ये. किस्सा असा सांगतात की, मैदानाच्या बाजूनं जाताना त्याला काही पोरं उंच उडीचा सराव करताना दिसली. त्यांना जमत नव्हतं. जिमनं कामाच्या कपड्यांतच जाऊन ५ फूट ९ इंचांचा बार सहज ओलांडला आणि आपल्या वाटेनं निघून गेला. दुसऱ्या दिवशी वॉर्नरनं त्याला बोलावून घेतलं.

आता ज्या गोष्टीनं घात केला, ती.

१९०९ च्या उन्हाळ्यात कार्लाइलची काही पोरं नॉर्थ कॅरोलिनात बेसबॉल खेळायला निघाली. जिम त्यांच्याबरोबर गेला. रॉकी माउंट नावाच्या गावाच्या टीमनं त्याला घेतलं. त्याला नेमके किती मिळत होते याचे आकडे एका सामन्याला २ डॉलरपासून आठवड्याला ३५ डॉलरपर्यंत सांगितले जातात. १९१० मध्येही तो त्याच लीगमध्ये खेळला.

हे काही तो एकटा करत नव्हता. त्या काळात कॉलेजची कितीतरी पोरं उन्हाळ्यात छोट्या लीगमध्ये पैसे घेऊन खेळायची. फक्त ती खोट्या नावानं खेळायची. सुट्टी संपली की परत कॉलेजात येऊन हौशी खेळाडू म्हणून उभी राहायची. जिमनं खोटं नाव घेतलं नाही. स्कोअरकार्डवर त्याचं खरं नाव छापून येत राहिलं.

पैसे घेतले तर बिघडलं काय, असा प्रश्न आज पडतो. पण तेव्हा हौशी म्हणजे ॲमॅच्युअर हा शब्द फार पवित्र होता. ही कल्पना आली ब्रिटनच्या वरच्या वर्गाकडून. ज्याला पोटाची चिंता नाही तोच खरा खेळाडू, असा तो हिशोब. तिथल्या हेन्ली रोईंग स्पर्धेच्या जुन्या नियमांत तर कारागीर आणि मजुरांना हौशी मानायलाच नकार होता. ऑलिम्पिकनं हीच कल्पना उचलली आणि अमेरिकन कॉलेजांनीही. कॉलेजांची संघटना, जिला आज एनसीएए म्हणतात, ती १९०६ मध्ये उभी राहिली आणि तिचा पायाही तोच. स्टेडियम भरवणाऱ्या पोरानं फुकट खेळायचं. त्याला शिकवणारा कोच मात्र पगार घेणार, त्याला कुणाची हरकत नाही.

१९११ मध्ये जिम कार्लाइलला परतला आणि मग धुमाकूळ. त्याच वर्षी कार्लाइलनं हार्वर्डला १८-१५ असं हरवलं. त्यात जिमनं चार फील्ड गोल मारले. १९१२ मध्ये ऑलिम्पिक. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर मिरवणूक. नोव्हेंबरमध्ये वेस्ट पॉइंटला जाऊन आर्मीच्या टीमला २७-६ नं धुतलं. हा सामना साधा नव्हता. अमेरिकन सैन्यानं वूंडेड नी इथं मूलनिवासींचं हत्याकांड केलं त्याला जेमतेम २२ वर्षं झाली होती. मैदानात एका बाजूला उद्याचे लष्करी अधिकारी होते आणि दुसऱ्या बाजूला त्या मूलनिवासींची पोरं. आर्मीच्या टीममध्ये ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक पोरगा होता, जो पुढं राष्ट्राध्यक्ष झाला.

आणि जानेवारी १९१३ मध्ये वूस्टरच्या एका पेपरनं बातमी छापली की थॉर्प पैसे घेऊन बेसबॉल खेळलाय.

मग सगळ्यांनी हात वर केले. वॉर्नर म्हणाला, माहीत नव्हतं. शाळेचा प्रमुख मोझेस फ्रीडमन म्हणाला, माहीत नव्हतं. आपला स्टार खेळाडू दोन उन्हाळे कुठं होता हे कोचला ठाऊक नसेल, यावर आज फार कमी इतिहासकार विश्वास ठेवतात. थॉर्पच्या नावानं एक पत्र अमेरिकन ॲमॅच्युअर ॲथलेटिक युनियनच्या जेम्स सलिव्हनला गेलं. त्यात कबुली होती. आपण एक साधा इंडियन विद्यार्थी, नियम माहीत नव्हते, बाकीचे करतात तेच केलं, फक्त नाव लपवलं नाही, असा त्याचा आशय. युनियननं त्याचा हौशी दर्जा काढून घेतला आणि ऑलिम्पिक समितीनं मेडल. पेंटॅथलॉनचं गोल्ड नॉर्वेच्या फर्डिनांड बीला आणि डेकॅथलॉनचं स्वीडनच्या ह्यूगो विस्लँडरला दिलं गेलं.

नियम पाळायचाच तर सगळाच पाळायला हवा होता. स्टॉकहोमच्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की खेळाडूच्या पात्रतेवर आक्षेप असेल तर तो ३० दिवसांच्या आत नोंदवायचा. बातमी आली होती सहा महिन्यांनी. ही गोष्ट तेव्हा कुणी काढलीच नाही. थॉर्पकडे ना वकील, ना कुणी पाठीराखा. मूलनिवासींना सरसकट अमेरिकेचं नागरिकत्वच मिळालं १९२४ मध्ये.

१९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं कार्लाइलची चौकशी केली. त्यासाठी तक्रार केली होती तिथल्या विद्यार्थ्यांनीच, आणि त्यात पुढं होता थॉर्पचा टीममेट गस वेल्च. ॲथलेटिक फंडातून खेळाडूंनाच पैसे वाटले गेल्याचं त्यात बाहेर आलं. फ्रीडमनची खुर्ची गेली. वॉर्नर पिट्सबर्गला दुसऱ्या नोकरीवर निघून गेला आणि पुढं महान कोच म्हणून गाजला. १९१८ मध्ये शाळाच बंद पडली.

थॉर्पचं मात्र एक वेगळंच झालं. तेव्हा बेसबॉलमध्ये रिझर्व्ह क्लॉज नावाचा नियम होता. म्हणजे एकदा एका टीमशी करार केला की करार संपला तरी खेळाडू त्या मालकाचाच. मालक विकेल तेव्हाच टीम बदलायची. पण थॉर्पची जुनी टीम १९१० मध्येच बंद झाली होती, त्यामुळं त्याच्यावर कुणाचाच हक्क उरला नव्हता. नामी खेळाडू आणि मोकळा, असं तेव्हा जवळपास कुणाचंच नशीब नसायचं. टीम त्याच्यामागं लागल्या आणि त्यानं न्यूयॉर्क जायंट्सशी करार केला.

फुटबॉलमध्येही तो परतला. १९१५ मध्ये ओहायोच्या कँटन बुलडॉग्सनं त्याला एका सामन्याला २५० डॉलर द्यायचं ठरवलं. लोकांना वाटलं मालक येडा झालाय. पण थॉर्प येणार म्हटल्यावर जिथं हजार-बाराशे लोक यायचे तिथं आठ हजार आले.

आता खरी गंमत. १७ सप्टेंबर १९२० ला कँटनमधल्या एका कारच्या शोरूममध्ये वेगवेगळ्या टीमचे मालक जमले. खुर्च्या पुरेनात म्हणून काही जण गाड्यांच्या फूटबोर्डवर बसले. त्यांच्या तीन तक्रारी होत्या. खेळाडूंचे पगार हाताबाहेर चाललेत. खेळाडू जास्त पैशासाठी या आठवड्यात एका टीमकडून आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टीमकडून खेळतात. आणि कॉलेजात शिकणारी पोरं खोट्या नावानं प्रोफेशनल टीममध्ये खेळवली जातात. यावर तोडगा म्हणून त्यांनी लीग बनवली आणि तिचा पहिला अध्यक्ष केलं जिम थॉर्पला. म्हणजे ज्याचं आयुष्य या नियमानं उद्ध्वस्त केलं, त्यालाच नियम राबवायला बसवलं. खरं तर मालकांना त्याचं नाव हवं होतं, कारभार नको. तो त्या वर्षीही मैदानात खेळतच होता. वर्षभरात त्याच्या जागी जो कार आला. १९२२ मध्ये या लीगचं नाव नॅशनल फुटबॉल लीग झालं. हीच आजची एनएफएल.

त्या शोरूममधल्या तक्रारी काही संपल्या नाहीत. १९२५ मध्ये इलिनॉय कॉलेजचा रेड ग्रेंज शेवटचा कॉलेज सामना खेळून लगेच शिकागो बेअर्सकडं गेला, तेव्हा लीगनं नियम केला की पोराची बॅच पदवीधर होईपर्यंत त्याला घ्यायचं नाही. कॉलेजांनी पुढं कितीतरी दशकं स्कॉलरशिपपलीकडं पैसा द्यायचा नाही आणि कॉलेज बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसायचं, हे धोरण चालवलं. ते मोडलं आत्ता आत्ता. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे कमावता येऊ लागले. २०२४ मध्ये अभ्यास सांभाळणाऱ्यांना हवं तितक्या वेळा कॉलेज बदलायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

थॉर्पच्या वाट्याला मात्र उतरणीचा काळ आला. १९२२-२३ मध्ये तो ओरांग इंडियन्स या टीमकडून खेळला. तिचा मालक कुत्र्यांचा व्यापारी होता. टीमचं मुख्य काम त्याच्या एअरडेल जातीच्या कुत्र्यांची जाहिरात करणं. हाफटाइमला दमलेल्या खेळाडूंनी कुत्र्यांबरोबर खेळ करून दाखवायचे. १९२८ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, तो शेवटचा सामना खेळला. मग महामंदी आली. थॉर्पनं खड्डे खणले, हॉलिवूडमध्ये एक्स्ट्रा म्हणून उभा राहिला. आपल्या आयुष्याच्या गोष्टीचे हक्क त्यानं एमजीएमला १,५०० डॉलरला विकले होते. १९५१ मध्ये वॉर्नर ब्रदर्सनं बर्ट लँकेस्टरला घेऊन त्याच्यावर सिनेमा काढला. त्याच्या आदल्या वर्षी असोसिएटेड प्रेसच्या मतदानात तो अर्ध्या शतकातला सर्वोत्तम ॲथलीट ठरला होता. आणि सिनेमा आला त्याच वर्षी ओठाच्या कॅन्सरसाठी त्याच्यावर धर्मादाय रुग्ण म्हणून उपचार झाले.

२८ मार्च १९५३ ला कॅलिफोर्नियात आपल्या ट्रेलरमधल्या घरात तो गेला. त्याच्या मुलांना तो ओक्लाहोमाच्या मातीत हवा होता. पण तिसरी बायको पॅट्रिशियानं पेनसिल्व्हेनियातल्या दोन गावांशी बोलणी केली. खाणी बंद पडल्यानं ती गावं पर्यटक शोधत होती. गावं एक झाली, नाव जिम थॉर्प ठेवलं आणि त्याला तिथं पुरलं. मुलांनी कोर्टात केस केली, पण २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ऐकायला नकार दिला.

मेडलचं काय झालं? १९५२ ते १९७२ ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष होता ॲव्हरी ब्रंडेज. हा स्टॉकहोमला त्याच दोन स्पर्धांमध्ये थॉर्पकडून हरलेला. त्यानं विषय हलू दिला नाही. पुढं रॉबर्ट व्हीलर आणि फ्लॉरेन्स रिडलन या नवरा-बायकोनं १९१२ ची नियमपुस्तिका शोधून ३० दिवसांचा मुद्दा समोर आणला. १९८३ मध्ये थॉर्पच्या मुलांना मेडलच्या प्रतिकृती मिळाल्या, कारण मूळ मेडल म्युझियममधून चोरीला गेली होती. पण तेव्हाही समितीनं त्याला फक्त संयुक्त विजेता म्हटलं. विस्लँडरच्या घरच्यांनी सांगितलं की त्यानं ते गोल्ड स्वतःचं कधी मानलंच नव्हतं. नॉर्वेनंही थॉर्पच विजेता असल्याचं मान्य केलं. जुलै २०२२ मध्ये, स्टॉकहोमला ११० वर्षं झाल्यावर, समितीनं रेकॉर्ड बदललं. आता दोन्ही स्पर्धांपुढं गोल्डच्या रकान्यात एकच नाव आहे.